काटकसरीचे चोचले

दिवाळीच्या ताटात चॉकलेटची वडी दिसली म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नव्हे. ज्या ताटाने नानकटाईला जागा दिली, त्याने ब्राउनीला का देऊ नये? चकलीच्या शेजारी ती खुशाल बसो. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे ते संस्कृतिरक्षणाच्या आवेशाने लिहिते आहे, असा समज कृपा करून कोणी करून घेऊ नये.

गेल्या दिवाळीत भाचीकडे फराळाला गेले होते. तिने ताटात ब्राउनीचे दोन चौकोन ठेवले आणि मोठ्या कौतुकाने म्हणाली, "मावशी, घे ना. टाकाऊपासून केलीय बरं का! सावरडोचा स्टार्टर उरला होता, फेकायचं अगदी जिवावर आलं." ब्राउनी उत्तम होती. मी दोन्ही चौकोन संपवले. तिसऱ्यासाठी पुढे केलेला हात मात्र आखडला, आणि तो पथ्यामुळे नव्हे, तर त्या वाक्यामुळे. माझे भांडण ब्राउनीशी नाही, भाचीशी तर नाहीच नाही. भांडण आहे ते त्या 'टाकाऊपासून' या शब्दाशी.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अद्याप शिरलेले नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. सावरडो म्हणजे बाजारचे यीस्ट न घालता, पिठाच्या अंगच्याच आंबण्यावर फुगवलेला पाव. पीठ आणि पाणी समभाग कालवून बरणीत ठेवायचे, रोज त्यात नवे पीठ-पाणी घालायचे. आठ-पंधरा दिवसांत त्यात रानटी यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू सुखाने नांदू लागतात. हे झाले आंबवण. यालाच स्टार्टर म्हणतात. पावासाठी त्यातले थोडे घ्यायचे आणि थोडे पुढच्या खेपेसाठी राखायचे. इथवर सगळे आपल्या विरजणासारखेच.

गोम आहे ती खुराकात. आंबवणाला दर खेपेस त्याच्या वजनाइतके पीठ आणि तितकेच पाणी द्यावे, असा सर्वसाधारण रिवाज. म्हणजे प्रत्येक खेपेला ते तिप्पट होणार. ३० ग्रॅमने सुरुवात केली आणि काहीच काढून टाकले नाही, तर ३०चे ९०, ९०चे २७०, मग ८१०, २४३०, ७२९० आणि सहाव्या खेपेला जवळजवळ २२ किलो! घरात माणसांना बसायला जागा उरायची नाही. म्हणून रोज खुराक देण्यापूर्वी बरेचसे आंबवण काढून टाकावे लागते. पहिल्या आठवड्यात तर ते काढलेच पाहिजे. तेव्हा त्यात नको ते जिवाणूही असतात, वासही बरा येत नाही, आणि ते खाऊ नये. ते झाडाच्या मातीत जावे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आंबवण स्थिरावल्यावरही रोज निघणाऱ्या उरल्यासुरल्याबद्दल, आणि त्याच्या उद्धाराच्या सोहळ्याबद्दल.

आता जरा हिशेब मांडू. बरणीत १०० ग्रॅम आंबवण ठेवून त्याला रोज १०० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम पाणी देणारी घरे पुष्कळ आहेत. म्हणजे दुसऱ्या दिवशी २०० ग्रॅम काढून टाकणे आले, आणि त्यात १०० ग्रॅम मैदा. वर्षाला साडेछत्तीस किलो! आठवड्यातून एकदा पाव भाजला, तरी त्यातला फार तर सातवा हिस्सा सार्थकी लागला. बाकीच्याचे काय करायचे? इथे पाककृती लिहिणारे मदतीला धावून येतात. म्हणतात, 'फेकू नका! चॉकलेट केक करा, ब्राउनी करा, कुकी करा.' आणि मग साहित्याची यादी येते. आंबवण १०० ग्रॅम. त्याच्या जोडीला चॉकलेट २०० ग्रॅम, लोणी दीडशे, साखर दोन-अडीचशे, अंडी तीन. एखाद्या कृतीत पाच-पंचवीस ग्रॅम इकडे-तिकडे, पण मासला हाच.

त्या १०० ग्रॅम आंबवणात मैदा किती? ५० ग्रॅम. उरलेले ५० ग्रॅम नळाचे पाणी. पन्नास ग्रॅम पीठ म्हणजे दोन पोळ्यांची कणीक. वाचकहो, दोन पोळ्यांची कणीक वाचवण्यासाठी पाव किलोच्या आसपास चॉकलेट, लोणी, साखर, अंडी आणि तासभर तापलेली भट्टी! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो; पण तिथे निदान कोंबडी तरी होती. इथे मसाल्याच्या राशीत कोंबडीचे एक पीस उरले आहे आणि त्या पिसावरून जेवणाला 'काटकसरीचे' म्हणायचे.

यावर प्रतिपक्ष म्हणतो: केक आम्ही एरवीही केलाच असता, मग त्यात आंबवण घातले तर बिघडले कुठे? काहीच बिघडले नाही. घाला की! दिवाळी आहे, पोरे घरी आहेत, केक करावासा वाटला म्हणून केला, यासारखे सरळ कारण दुसरे नाही. पण मग 'टाकाऊपासून' म्हणू नका. शिवाय गोष्ट नेहमी अशी उलगडत नाही, हे तुम्ही-आम्ही जाणतो. बरणी भरली म्हणून केक होतो. केक करायचा म्हणून बरणी भरत नाही. उरलेले संपवण्यासाठी चॉकलेट आणायला माणूस बाजारात जातो, त्या दिवशी काटकसर घराच्या मागच्या दाराने निघून गेलेली असते.

दुसरा मुद्दा शास्त्राचा, आणि तो मी मोकळ्या मनाने मान्य करते. आंबवणाने चॉकलेटचा केक खरोखर चांगला होतो. त्यातल्या लॅक्टिक आणि ॲसेटिक आम्लांचा खाण्याच्या सोड्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि केक फुगतो. जुन्या आंबवणातले ग्लुटेन आम्लाने आणि विकरांनी मोडलेले असते. त्यामुळे ते पावाला निकामी, पण जिथे चिवटपणा नकोच असतो त्या केकला ते मानवते. कोकोच्या कडवटपणात त्याची आंबट चव मुरून जाते. सगळे खरे. पण हेच काम वाटीभर आंबट ताक करते, आणि गेली शंभर वर्षे करत आले आहे. ताक घालून केलेल्या केकला कोणी 'टाकाऊपासून' म्हणत नाही.

खरी काटकसर केकला वर्ज्य आहे असेही नाही. अमेरिकेत 'वेडा केक' म्हणून चॉकलेटचा एक साधा केक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या रेशनिंगच्या दिवसांशी त्याचे नाव जोडतात. त्यात अंडी नाहीत, लोणी नाही, दूध नाही. मैदा, साखर, थोडा कोको, तेल, पाणी, सोडा आणि चमचाभर व्हिनेगर, संपले. ज्या बाईने तो पहिल्यांदा केला असेल, तिने जे नव्हते ते वगळले आणि जे होते त्यात भागवले. काटकसर वजाबाकी करते. आपल्या ब्राउनीत बेरजेवर बेरीज आहे.

मुळात हे आंबवण ज्यांचे, त्यांच्याकडे 'उरलेले' असा प्रकार नव्हताच. १८९६ साली क्लोंडाइकला सोने सापडले आणि हजारो माणसे अलास्का-युकॉनच्या बर्फात लोटली. तिथे मुरलेल्या जुन्या माणसाला 'सावरडो' असेच नाव पडले, कारण आंबवणाचे भांडे त्याच्याबरोबर असे. थंडीने ते मरू नये म्हणून रात्री उशाला घेऊन झोपत, असे सांगतात. सकाळी भांड्यातले काढायचे, त्याची धिरडी करायची, काढले तितके पीठ-पाणी परत घालायचे. रोज खाणारी तोंडे होती, म्हणून काढून टाकण्याचा प्रश्नच उठला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत हा पाव १८४९च्या सोन्याच्या धावपळीपासून प्रसिद्ध. १९७१ साली त्याच्यातला जिवाणू अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी ओळखला आणि त्याला त्या शहराचेच नाव दिले. तिथल्या भट्टीवाल्यांनाही उरलेल्याची चिंता नसे. आज राखलेले उद्याच्या पिठात जाई. चिंता सुरू झाली ती पाव रोज न भाजता आंबवण मात्र रोज पोसण्याच्या हौसेपासून. २०२० सालच्या टाळेबंदीत ही हौस जगभर पसरली. पुण्या-मुंबईपासून न्यू जर्सीपर्यंत मराठी ओट्यांवरही बरण्या आल्या. गाईला दावणीला बांधून खुराक द्यायचा, धार मात्र महिन्यातून एकदा काढायची, असा तो मामला.

आपल्याला तरी हे नवे असायला नको होते. आपल्या आयांनी जन्मभर विरजण सांभाळले. 'उरलेल्या विरजणाचे काय करू?' असा प्रश्न एकीने तरी कधी विचारला काय? चमचाभर दही वाटीच्या तळाशी राखायचे, तेवढ्यावर दुसऱ्या दिवशीचे दूध लावायचे. फोडणीची पोळी घ्या, फोडणीचा भात घ्या. चमचाभर तेल, मोहरी, हळद, एक मिरची आणि कालच्या अन्नाचा आज मान राहिला. पोळीचा लाडू केला तर गुळाचा खडा आणि थोडे तूप. वाचवायला घातलेले हे वाचवलेल्यापेक्षा कमी असे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलेलाही नव्हता.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार, कारण तो मनाचा आहे. अन्न हे पूर्णब्रह्म. पीठ मोरीत ओतताना हात थरथरतो. ही थरथर मला वंद्य आहे. पण ती एकट्या मैद्यासाठीच का? चॉकलेट हे काय अन्न नव्हे? ते तर स्वतःच आंबवून झालेले असते! कोकोचे फळ फोडून गराने माखलेल्या बिया काढतात, केळीच्या पानांखाली रास करून पाच-सहा दिवस आंबवतात, मग उन्हात वाळवतात. त्या आंबण्यावाचून चॉकलेटला चॉकलेटचा स्वाद येतच नाही. म्हणजे बरणीतले एका दिवसाचे आंबवण वाचवायला आपण शेतकऱ्याचे आठवडाभराचे आंबवण खर्ची घालतो. कोहळा देऊन आवळा काढण्याचा हा उद्योग!

आणि तो शेतकरी कोण? केरळात, आंध्रात थोडा कोको होतो. पण जगातला निम्म्याहून अधिक आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेने २०२० साली जाहीर केलेल्या पाहणीनुसार, त्या दोन देशांत कोकोच्या मळ्यांत राबणारी मुले सुमारे साडेपंधरा लाख होती. २०२४ साली पीक बुडाले, झाडांना रोग पडला आणि एरवी दोन-तीन हजार डॉलरांच्या घरात असणारा टनाचा भाव डिसेंबरात बारा हजारांवर गेला. पुढे तो उतरला. पण तिथे शेतकऱ्याचा भाव सरकार आधीच बांधून देते, त्यामुळे ती तेजी त्याच्या झोपडीपर्यंत पुरती पोचलीच नाही. चॉकलेट खाऊ नका असे मी म्हणत नाही, मीही खाते. पण जे इतके महाग, इतक्या लहान हातांतून आलेले, ते मैद्याच्या डबक्याचा उद्धार करण्यासाठी वापरायचे 'साहित्य' नव्हे. ते खायचेच तर त्याच्यासाठी खावे, त्याची किंमत जाणून खावे.

मग करायचे काय? उपाय इतका सोपा आहे की त्यावर लेख लिहिण्याचीही लाज वाटते. बरणी लहान करा. १० ग्रॅम आंबवण, १० ग्रॅम पीठ, १० ग्रॅम पाणी. काही तास बाहेर राहू द्या, मग फ्रिजमध्ये. आठवड्यातून एकदा एवढाच खुराक. वर्षाला पीठ लागले ५२० ग्रॅम. कुठे साडेछत्तीस किलो आणि कुठे अर्धा किलो! पाव भाजायचा असेल त्याच्या आदल्या रात्री त्यातले २० ग्रॅम घेऊन ४० ग्रॅम पीठ आणि ४० ग्रॅम पाणी घाला. सकाळी १०० ग्रॅम जोमदार आंबवण तयार. अर्धा किलो पिठाच्या पावाला ते पुरते. बरणीत राखलेल्या १० ग्रॅमवर पुढचा आठवडा निघतो. ज्या आठवड्यात पाव नसेल, त्या आठवड्यात उरले तर चमचाभर उरेल. ते तांदळाच्या पिठात कालवा. मिरची, कोथिंबीर, मीठ घाला आणि बिडाच्या तव्यावर धिरडे टाका. त्याला चॉकलेट लागत नाही.

हे सारे मी भाचीला सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग मावशी, ब्राउनी करूच नको का?"

म्हटले, "अगं, कर की! यंदाही कर, मी येणार आहे. फक्त ताटात वाढताना 'आज खावीशी वाटली म्हणून केली' असं म्हण. आणि ती तुझी मोठी बरणी तेवढी मला दे. लोणच्याला हवी आहे."