गंजलेल्या बोल्टचा हिशेब कुणाच्या खात्यावर?

आम्हा कापडवाल्यांना गाडीचे दोनच भाग नीट ठाऊक असतात. एक हौदा, कारण त्यात माल भरायचा असतो. दुसरी ताडपत्री, कारण मालावर पाणी पडता कामा नये. हौद्याच्या खाली काय आहे ते आपण ड्रायव्हरवर आणि मिस्त्रीवर सोपवून मोकळे होतो. मीही वर्षानुवर्षे असाच मोकळा होतो. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या जुन्या ४०७ च्या मागच्या कमानी उतरवण्याची वेळ आली आणि मला दोन दिवस गॅरेजमध्ये स्टुलावर बसावे लागले. तिथे जे पाहिले त्यावरून माझे एक मत बनले आहे. ते व्यापारी बांधवांपुढे ठेवतो. पटले तर घ्यावे.

आमची गाडी भिवंडीहून महाड, चिपळूण, रत्नागिरी अशी माल पोचवते. ती मी जुनी घेतली होती. आधीच्या मालकाकडे ती मासळीच्या धंद्यात होती. टोपल्यांतून गळणारे बर्फाचे खारट पाणी वर्षानुवर्षे चासीवर आणि कमानींवर झिरपत राहिले. त्यात कोकणचा पाऊस आणि समुद्राची हवा. घेताना मी इंजिन ऐकले, टायर पाहिले, कागदपत्रे तपासली आणि भाव पाडला. गाडीखाली वाकून मात्र पाहिले नाही. स्वस्तात मिळाली याचा आनंद झाला, स्वस्त का मिळाली हे विचारले नाही. कापडाचा ताका मी उजेडात धरल्याशिवाय घेत नाही. गाडीच्या बाबतीत ती अक्कल दुकानातच राहिली.

ड्रायव्हर महिनाभर सांगत होता की गाडी एका बाजूला बसते. मी म्हणायचो, सीझन संपू दे. शेवटी एक पाटा तुटला तेव्हा गाडी गॅरेजला लागली. दुसऱ्या दिवशी चिपळूणचा माल निघायचा होता. मी मिस्त्रीला म्हटले, "गॅसने कापा आणि संध्याकाळपर्यंत गाडी द्या." मिस्त्री म्हणाले, "शेठ, कापतो. पण कमानीला आच लागली तर पुढच्या फेरीला पाटा कुठल्या घाटात तुटेल ते मला विचारू नका."

त्यांचे म्हणणे मला नंतर समजले. कमानीच्या पाट्याच्या पोलादाला पाणी दिलेले असते, म्हणूनच तो वाकतो आणि परत सरळ होतो. गॅसची ज्योत त्यावर रेंगाळली की ते पाणी उतरते. दिसायला पाटा तसाच राहतो, पण तो पूर्वीचा राहत नाही. जवळच ब्रेकचे पाइप असतात, रबर असते, डिझेलची टाकी असते. गॅस कटर हे शेवटचे हत्यार आहे. ते पहिले हत्यार बनते ते आपल्या घाईमुळे.

बोल्ट जाम का होतो हेही सोपे आहे. लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. ती गंजाने भरते आणि दोन वस्तूंची एक वस्तू होते. अशा वेळी नुसता जोर लावला तर बोल्ट पिळवटून तुटतो किंवा नटाचे कोपरे घासून तो गोल होतो. मग त्यावर कुठलाच पाना बसत नाही.

मिस्त्रींनी आधी चाकांना लाकडी ठोकळे लावले, चासी जॅकवर उचलली आणि मजबूत घोड्यांवर टेकवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरणारा मिस्त्री मेला तर तो अपघात नसतो, ती मालकाची आणि मिस्त्रीची मिळून केलेली चूक असते. मग तारेच्या ब्रशाने बाहेर आलेले आटे घासले. मागच्या प्रत्येक कमानीला दोन यू बोल्ट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठ नट. प्रत्येकावर गंज सोडवणारे तेल मारले आणि गाडी तशीच ठेवली. संध्याकाळी पुन्हा तेल, रात्रभर विश्रांती. तेल आट्यांमध्ये हळूहळू सरकते, त्याला घाई चालत नाही.

सकाळी त्यांनी नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोके दिले. ठोके नटाच्या अंगावर, आट्यांवर नाही. मग सहा कोनांचा बॉक्स पाना नीट बसवून आधी नट किंचित आवळायच्या दिशेने दाबला आणि मग सोडवायच्या दिशेने. कर्र असा आवाज आला की थोडे पुढे, थोडे मागे, पुन्हा तेल. असे पाच नट निघाले. तीन हटले नाहीत. ते छन्नीने उभे फोडले. यू बोल्ट तर नवेच घालायचे होते, कारण एकदा ताणून आवळलेला आणि गंजलेला यू बोल्ट पुन्हा वापरणे म्हणजे फाटक्या गोणीत माल भरणे.

खरी अडचण पुढे आली. कमानीच्या टोकाची एक पिन बुशमध्ये अशी बसली होती की जणू ओतलेली. ग्रीसचे भोक मातीने बंद, आत वर्षानुवर्षे ग्रीस गेलेले नाही. मिस्त्रींनी तेल मारले, वाट पाहिली. मग आजूबाजूचे तेल पुसून, ज्योत पाट्यापासून दूर ठेवून, ब्रॅकेट बाहेरून थोडा तापवला, थंड होऊ दिला, पुन्हा तेल मारले. तापून लोखंड फुगते, थंड होऊन आवळते, त्यात गंजाची पकड सुटते. पिन हलली, पण निघता निघता चासीवरच्या ब्रॅकेटचा कान तडकला. आता ब्रॅकेटही नवा आणि आणखी अर्ध्या दिवसाचे काम.

मिस्त्री गप्प झाले. शेजारी आपली गाडी घेऊन आलेले एक गृहस्थ मला म्हणाले, "मजुरीतून कापून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी सांभाळून मारतील." खरे सांगतो, माझ्याही मनात तेच आले होते. पैसे कापणे माझ्या हातात होते आणि मिस्त्री तोंडातून शब्द काढणार नव्हते.

पण मला आमच्याच धंद्यातली गोष्ट आठवली. कोरे कापड आपण रंगाईला पाठवतो. सूतच कुजके असेल तर कापड रंगाईवाल्याच्या हौदात फाटते. फाटले त्याच्याकडे, पण कुजले आपल्याकडे. नुकसान कुणाच्या माथी, यावर मी स्वतः अनेकदा भांडलो आहे आणि पुष्कळदा जिंकलोही आहे. त्या दिवशी गॅरेजमध्ये बसून जाणवले की त्यातले काही विजय हक्काचे नव्हते. कान मिस्त्रींच्या हातून तडकला. तो कमकुवत झाला तो मी न दिलेल्या ग्रीसमुळे आणि न पाहता केलेल्या खरेदीमुळे. मी ब्रॅकेटचे पैसे दिले आणि वाढलेल्या वेळेची मजुरीही दिली. चिपळूणचा माल भाड्याच्या गाडीने पाठवला. तेही भाडे माझ्याच खात्यावर लिहिले.

यावर कुणी म्हणेल, अशाने मिस्त्री बेफिकीर होतील. मला उलटे वाटते. तुटलेल्या बोल्टचे पैसे कापले जातात हे ठाऊक असलेला कारीगर दोनच गोष्टी करतो. तो सरळ गॅसने कापून मोकळा होतो किंवा तडा रंगाखाली लपवून गाडी बाहेर काढतो. दोन्हीत पैसे वाचतात आपले आणि घाटात जीव जातो ड्रायव्हरचा. जो कारीगर येऊन "शेठ, हे तुटले" असे सांगतो, त्याला दंड करणे म्हणजे खरे बोलण्यावर जकात बसवणे आहे.

मिस्त्रीची जबाबदारी नाही असे नव्हे. पाट्याला आच लावली, जुना यू बोल्ट पुसून नवा म्हणून बसवला, नट अर्धवट आवळला, तर ते नुकसान त्याचे. गंज मालकाचा, निष्काळजीपणा कारीगराचा. ही रेघ काम सुरू होण्याआधी दोघांनी तोंडी का होईना आखून घ्यावी. म्हणजे नंतर बाचाबाची होत नाही.

बांधवांनी एवढे करावे. जुनी गाडी घेताना खाली वाकून कमानी, पिना आणि ब्रॅकेट पाहावेत आणि पूर्वी तिच्यात कुठला माल वाहिला जाई ते विचारावे. पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस मारून घ्यावे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते. त्याच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा महिनाभर आधी गाडी मिस्त्रीला दाखवावी. कमानीचे काम निघाले तर तेल मुरायला एक रात्र द्यावी. नवे यू बोल्ट घातल्यावर माल भरून पहिली फेरी झाली की नट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण नवे पाटे बसतात आणि नट ढिले पडतात.

आमच्या गाडीचे ते नट पहिल्या फेरीनंतर आवळून घेतले. आठपैकी तीन थोडे फिरले. ड्रायव्हर आता गाडी बसते असे म्हणत नाही. आणि तो काही म्हणाला तर सीझन संपायची वाट पाहायची नाही, एवढे मी ठरवले आहे.