शिक्षक दिसतात, पण भेटतात का?

आज गुरुपौर्णिमा. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणमंचाचे उद्घाटनही याच तिथीला झाले होते, ९ जुलै २०१७ रोजी, तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते. त्याआधी २००३ पासून आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ‘एनपीटेल’ या उपक्रमाची चित्रित व्याख्याने तयार करतच होत्या. गडचिरोलीतली मुलगी घरी बसून खरगपूर आयआयटीच्या प्राध्यापकांकडून विषय शिकू शकते, ही लहान गोष्ट नव्हे.

पण दुसऱ्या आठवड्याच्या स्वाध्यायात ती अडली तर? व्हिडिओ मागे नेऊन चारदा ऐकता येतो, त्याला शंका विचारता येत नाही. शंका लिहून पाठवायची सोय असते. आठवडाभर उत्तर आले नाही, की ती पुन्हा विचारायच्या फंदात पडत नाही. वर्गात मागच्या बाकावरचा गोंधळलेला चेहरा शिक्षकांना न सांगता कळतो. इथे तिने अभ्यास सोडला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. अशा खुल्या अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोहोचणारे जगभर थोडेच असतात. त्याचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर फोडणे आम्हाला अन्यायाचे वाटते.

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातील अभ्यासकांनी २००० साली दूरस्थ वर्गातील ‘शिक्षकाच्या अस्तित्वा’ची मांडणी केली. अभ्यासाची आखणी, चर्चेला वळण देणे आणि थेट शिकवणे, हे तिन्ही त्यात आले. आपल्याकडे बहुतेक सगळी शक्ती चित्रीकरणावर खर्च होते. पडद्यावर चेहरा दिसला म्हणजे शिक्षक हजर झाले, असा समज त्यामागे आहे.

हजर असणे याहून साधे असते. सोमवारी सकाळी शिक्षकांचे चार ओळींचे पत्र यावे : ‘गेल्या आठवड्यात तिसऱ्या प्रश्नात बऱ्याच जणांनी मिनिटांचे सेकंद केले नाहीत, म्हणून उत्तर चुकले; या आठवड्यातला दुसरा पाठ अवघड आहे, तो दोन बैठकांत करा.’ एवढ्याने विद्यार्थ्याला कळते, की आपले उत्तर कुणीतरी वाचले आहे. स्वाध्यायावर नुसते गुण न देता नाव घेऊन एक वाक्य लिहावे. दोन मिनिटांचा आवाजी निरोपही चालेल. त्याला स्टुडिओ लागत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून दूरशिक्षण चालवताना छापील पुस्तकांवरच भिस्त ठेवली नाही. गावोगावच्या अभ्यासकेंद्रांवर समजावून सांगणारा माणूसही दिला. पुस्तक घरपोच मिळाले तरी विचारायला कुणीतरी लागते, ही जाण त्यात होती.

हजारोंच्या वर्गात एकट्या प्राध्यापकाला हे जमणार नाही, हे खरेच. त्यासाठी साहाय्यक शिक्षक नेमावे लागतील आणि त्यांना मानधन द्यावे लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी ‘स्वयम्’वरून एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवण्याची मुभा दिली. एवढा भार या अभ्यासक्रमांवर टाकायचा, तर उत्तरे लिहिण्यात गेलेले तासही शिक्षकांच्या कार्यभारात धरले पाहिजेत. तो निर्णय विद्यापीठांनी याच सत्रापासून घ्यावा.

ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आज एवढीच विनंती : आपल्या वर्गाची यादी उघडा, पंधरा दिवसांत जे फिरकलेले नाहीत त्यांची नावे शोधा आणि त्यांना दोन ओळी लिहा.