झाकण उघडू नका!

मंडळी, सतराव्या दिवशी झाकण उघडायचं नसतं, हे मला माहीत होतं. तरी उघडलं. एकदा नाही, तीनदा!

यंत्रात जपानी लाव्यांची २४ अंडी होती. पहिल्या पिल्लाची चिवचिव ऐकली आणि राहवेना. झाकण उघडलं की आतली दमट हवा बाहेर पडते, कवचाखालचा पापुद्रा वाळतो आणि पिल्लाला आवळून बसतो. ९ पिल्लं निघाली. ५ तर कवचाला भोक पाडून तिथेच गेली...

पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश तापमान, पहिले १४ दिवस ४५ ते ५० टक्के आर्द्रता, शेवटी ६५ ते ७० आणि तेव्हा अंडी फिरवणं बंद. हे पाठ असतं हो सगळ्यांना. कमी पडतो तो धीर.

आणि रोज आकड्याकडे बघत बसण्यापेक्षा अंडी तोलावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. एक अंडं जेमतेम १०-१२ ग्रॅमचं, म्हणून सगळी एकदम. पिल्लं निघेपर्यंत साधारण १२ टक्के वजन घटायला हवं. कमी घटलं तर पाणी कमी करा, जास्त घटलं तर वाढवा. कोकणातल्या पावसाळ्यात सुरुवातीला पाण्याची वाटी लागतही नाही. मे महिन्यातल्या नागपुरात लागतेच.

पुढच्या खेपेला झाकणाला चिकटपट्टी लावली आणि सरळ बाहेर फिरायला गेलो. १७ पिल्लं!

काळजी आणि लुडबुड यांत फरक असतो. तो कळायला पाच जीव गेले, एवढंच टोचतं. असो.