‘खाणारा कोण?’ विचारून इंग्रजी सुटत नाही

वाक्यातला कर्ता शोधायची ट्रिक आपण सगळ्यांनी शाळेत घोकलीय. धातूला ‘णारा’ लावायचा आणि विचारायचं, ‘कोण?’ ‘पोरांनी मिसळ खाल्ली.’ खाणारे कोण? पोरं. विषय संपला. मराठीत ही ट्रिक लागतेच, कारण इथे नुसतं क्रियापद बघून भागत नाही. ‘खाल्ली’ हे रूप मिसळीकडे बघून ठरलंय, पोरांकडे बघून नाही.

घोळ होतो तो हीच ट्रिक इंग्रजीला लावली की. ‘द मिसळ हॅज बीन ईटन.’ सब्जेक्ट कोण? पुष्कळ जण खाणाऱ्याला शोधत बसतात. पण खाणारा वाक्यात आहेच कुठे? सब्जेक्ट आहे मिसळ. ती एकवचनी, म्हणून ‘हॅज’.

खरं तर कर्ता आणि सब्जेक्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कर्ता’ हा शब्द संस्कृत व्याकरणातून आला. पाणिनीच्या लेखी क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. इंग्रजीतला सब्जेक्ट काही करतोच असं नाही. क्रियापद त्याच्या वचनाप्रमाणे चालतं, एवढंच. आपल्याला शिकवताना मात्र दोघांना एकच नाव मिळतं. मग स्पर्धा परीक्षेची तयारी सुरू झाली तरी ‘हॅज’ की ‘हॅव’ इथे गाडी अडते. हा फरक अकरावीतच स्पष्ट सांगायला हवा.

इंग्रजीसाठी ट्रिक वेगळी: वाक्याचा प्रश्न करा. ‘द लिस्ट ऑफ स्टुडंट्स इज रेडी’चा प्रश्न होतो ‘इज द लिस्ट ऑफ स्टुडंट्स रेडी?’ ‘इज’ ज्याच्यावरून उडी मारून पुढे आलं, तो सब्जेक्ट. त्यातला मुख्य शब्द लिस्ट. स्टुडंट्स हे ‘ऑफ’मागचं शेपूट. म्हणून ‘आर’ चालत नाही.

पण म्हणून ‘णारा’ला विसरू नका. ‘पंचगंगेत सांडपाणी सोडण्यात आले’, ‘फी वाढवण्यात आली’ अशी वाक्यं आपण रोज वाचतो. इंग्रजीत नेली तर सांडपाणी आणि फी हे सब्जेक्ट होतील आणि व्याकरण एकदम बरोबर असेल. पण सोडणारा कोण? वाढवणारा कोण? वाक्य गप्प. तिथे शाळेतली जुनी ट्रिकच कामाला येते, आणि तो प्रश्न मोठ्यानं विचारावा लागतो.