जहाजं मोजताय? गोद्यापण मोजा!

पुन्हा युद्धनौकांच्या याद्या फिरायला लागल्यात. यांच्याकडे इतक्या, त्यांच्याकडे तितक्या, खाली झेंडे आणि दंड थोपटलेले. टाका की, हरकत नाही. पण मंडळी, एकाही यादीत सुक्या गोदीचा, म्हणजे ड्राय डॉकचा रकाना नाही. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

जहाज आत घ्यायचं, दरवाजा लावायचा, पंपाने पाणी उपसायचं. जहाज ठोकळ्यांवर टेकतं, तळ उघडा पडतो. टॉर्पेडोचं भगदाड, वाकलेला पंखा, मोडलेलं सुकाणू, यांचं पक्कं काम तिथंच होतं. आणि गोदी जहाजापेक्षा मोठी लागते. चाळीस हजार टनांची बॅटलशिप कुठल्याही बंदरात घुसवता येत नाही.

हे ब्रिटिशांना नेमकं कळलं होतं. मे १९४१ मध्ये जर्मनांची बिस्मार्क जखमी होऊन फ्रान्सच्या किनाऱ्याकडे पळत होती, वाटेत बुडवली गेली. तिची जुळी बहीण टिर्पिट्झ मात्र शिल्लक होती. एवढं धूड मावेल अशी अटलांटिक किनाऱ्यावर जर्मनांच्या हातात एकच गोदी होती, सेंट नाझेरची. नॉर्मंडी नावाच्या प्रवासी जहाजासाठी बांधलेली. २८ मार्च १९४२ च्या मध्यरात्रीनंतर ब्रिटिशांनी कॅम्पबेलटाउन ही जुनी विनाशिका चार टनांवर स्फोटकं भरून त्या गोदीच्या दरवाजावर आदळवली. कमांडोंनी पंपघर उडवलं. काही तासांनी जहाजातला दारूगोळा फुटला आणि गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी झाली. मोहिमेवर सहाशेच्या वर माणसं गेली होती. १६९ मेली, दोनशेहून जास्त कैद झाली. एवढी किंमत कशासाठी? एका दरवाजासाठी! टिर्पिट्झ अटलांटिकमध्ये कधी उतरलीच नाही, नॉर्वेच्या खाड्यांत दडून राहिली आणि १९४४ मध्ये तिथंच संपली.

आता उलटं उदाहरण. पर्ल हार्बरवर जपान्यांनी बॅटलशिपा बुडवल्या, जगभर गाजावाजा झाला. गोद्या मात्र शाबूत सोडल्या. सहाच महिन्यांत कोरल समुद्रात जबर मार खाल्लेली यॉर्कटाउन ही विमानवाहू नौका त्याच गोदीत आली. तीन महिन्यांचं काम असा अंदाज होता. चौदाशे कामगारांनी रात्रंदिवस खपून तिसऱ्या दिवशी तिला बाहेर काढलं. ४ जूनला मिडवेच्या लढाईत तिच्याच विमानांनी जपानची सोर्यू बुडवली. बुडवलेल्या बॅटलशिपांपैकीही बहुतेक वर काढून पुन्हा लढाईत आणल्या, त्याही गोद्यांच्याच जोरावर.

आपल्याकडचं सांगायचं, तर एसटीच्या आगारात नवी गाडी आली की आमदार नारळ फोडतात, आम्ही फोटो छापतो. वर्कशॉपच्या पिटचा फोटो मी वीस वर्षांत छापलेला नाही, कुणी मागितलाही नाही. २८ सप्टेंबर २०१९ ला मुंबईत खांदेरी पाणबुडी नौदलात आली, ते पुष्कळांना आठवतं. त्याच दिवशी विमानवाहू नौका मावेल अशा नव्या सुक्या गोदीचं उद्घाटन झालं. ते किती जणांना आठवतं? त्याआधी आपल्या विराटला या कामासाठी मुंबईहून थेट कोचीला जावं लागायचं.

तेव्हा पुढची यादी टाकणाऱ्या भाऊंनो, मी कमेंटमध्ये एकच विचारणार आहे: यातली किती जहाजं एका वेळी गोदीत घेता येतात, आणि ती गोदी कुठाय?