सुरतेच्या पावसात लंगोट वाळवताना

मैत्रिणींनो, सुरतेत कुणी घर तापवायला हीटर आणला असे सांगितले तर तुम्ही हसाल. जानेवारीतसुद्धा जिथे स्वेटर पेटीतून निघेल की नाही याची खात्री नसते, तिथे ऊब विकत कशाला घ्यायची? लेकीने फोनवर सांगितले तेव्हा मीही हसले होते. जुलैत तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला नंदुरबारहून ताप्ती लाइनची गाडी धरून गेले, आणि चार दिवसांत हसू मावळले.

लेक डिंडोलीत राहते. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बिल्डिंगमध्ये निम्मी घरे आपल्या खानदेशातली, त्यामुळे जिन्यात अहिराणी कानावर पडते आणि परके वाटत नाही. स्वयंपाकघराच्या मागे पाच बाय सात फुटांची जागा आहे. तिला तिथे कुणी वॉश म्हणतात, कुणी चोकडी. खाली नळ, कोपऱ्यात वॉशिंग मशीन, भिंतीवर नळाच्या गॅसवर चालणारा गिझर आणि वर कपड्यांच्या दोऱ्या. एका बाजूला कमरेइतका कठडा, त्यावर नुसती जाळी. उन्हाळ्यात तिथे तासाभरात कपडे कडकडीत वाळतात. पावसाळ्यात मात्र पाण्याचे शिंतोडे थेट दोरीपर्यंत येतात. समुद्र जवळ, गावातून तापी वाहते, हवा इतकी दमट की मिठाच्या बरणीत तळाला पाणी साचते. लंगोट आणि दुपटी दोन-दोन दिवस ओलसर राहायची, त्यांना कुबट वास यायचा. बाळाच्या मांड्यांवर पुरळ उठले. डायपर रात्रीपुरता ठीक, दिवसभर नको, हे विहीणबाईंचे मत होते आणि याबाबतीत तरी आमचे एकमत होते.

विहीणबाईंनी उपाय शोधून ठेवला होता. जाळीच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची सरकती काच बसवायची, वॉश पूर्ण बंद करायची आणि आत हीटर लावायचा. दोन हजार वॉटचा हीटर घरात येऊन पडला होता. काचवाल्याला दोन हजार रुपये आगाऊ गेले होते. “म्हणजे बाळाची खोली कशी उबदार होईल, कपडेही वाळतील,” त्या म्हणाल्या. जावई मान हलवत होते. जावयाच्या घरी बाळंतपणाला आलेल्या सासूने अशा वेळी तोंड उघडावे की नाही, हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळजणींना पडला असेल. मी दोन दिवस गप्प राहिले.

पण त्या गिझरकडे पाहिले की मला माझी स्वतःची बाळंतिणीची खोली आठवायची. दार लावलेले, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, खाटेजवळ कोळशाची शेगडी, शेगडीवर डालगे पालथे घातलेले आणि त्यावर लंगोट वाळत टाकलेले. ओव्याच्या धुरीचा वास अजून नाकात आहे. एका पहाटे डोके ठणकायला लागले, मळमळले, आणि उठताना मी उंबऱ्यातच कोसळले. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. दृष्ट उतरली की नाही कोण जाणे, पण मला उचलून ओसरीवर आणले होते म्हणून मी वाचले. पुढे शाळेत मुलांना विज्ञान शिकवताना कळले, तो कार्बन मोनॉक्साइड होता. बंद जागेत आगीला प्राणवायू कमी पडला की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. म्हणून माणसाला गुदमरल्यासारखेही वाटत नाही, नुसती भोवळ येते. गॅस गिझर लावलेल्या बंद न्हाणीघरात माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या याच वायूच्या. विहीणबाईंची वॉश आज सुरक्षित होती ती त्या उघड्या जाळीमुळेच. काच लागली असती तर गिझर तोच, पण हवा बंद.

तिसऱ्या दिवशी मी भाजीचा काटा घेतला. मशीनमध्ये पिळून काढलेले कपडे तोलले, साडेचार किलो भरले. तेच कपडे हॉलमध्ये पंख्याखाली वाळल्यावर तीन किलो. म्हणजे दीड लिटर पाणी हवेत जायला हवे. आता त्या खोलीत हवा किती? पाच बाय सात, उंची नऊ फूट, म्हणजे साधारण नऊ घनमीटर. पावसाळ्यातली हवा आधीच पाण्याने भरलेली. ती चाळीस अंशांपर्यंत तापवली तरी आणखी जेमतेम पाव लिटर पाणी घेईल. मग बस्स. पुढचे पाणी काचेवर घाम होऊन उतरणार आणि भिंतीवर बुरशी धरणार. हीटर तासाला दोन युनिट जाळत बसणार, आणि ओल्या कपड्यांच्या दोरीखाली तापलेली तार ती वेगळीच धास्ती. दीड लिटर घालवायचे तर त्या खोलीतली हवा निदान सहा वेळा बदलली पाहिजे. हवा बदलायचीच तर काच कशाला?

हे सगळे पाटीवर मांडून दाखवले असते तर विहीणबाईंना अपमान वाटला असता. म्हणून रात्री जेवताना मी जावयांनाच विचारले. ते पांडेसऱ्यातल्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये कामाला आहेत.

“तुमच्या मिलमध्ये ओला कपडा वाळवतात कसा?”

“स्टेंटरवर, आई. कापडाच्या दोन्ही कडा धरून ताणायच्या आणि गरम हवेच्या चेंबरमधून न्यायचं. पंखे वरून-खालून हवा मारत असतात.”

“आणि ती ओली झालेली हवा?”

“ती एक्झॉस्टने बाहेर. एक्झॉस्ट नीट ओढत नसला तर कापड ओलंच निघतं, मग सुपरवायझर...” ते बोलता बोलता थांबले आणि वॉशच्या दाराकडे पाहू लागले.

मग गिझरची गोष्ट मी सांगितली, माझ्या उंबऱ्यातल्या पडण्यासकट. विहीणबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आमच्याकडेही डालगंच होतं हो. आम्हाला कुणी सांगितलं नाही.” आणि लगेच, “पण माझे दोन हजार?”

दोन हजार बुडाले नाहीत. काचवाल्याकडूनच जाळीच्या बाहेर तिरका फायबरचा छज्जा करून घेतला. पाऊस अडतो, वारा अडत नाही. जाळी वरपासून खालपर्यंत मोकळीच ठेवली. नळाचा गॅस हलका असतो, गळला तर वर जातो. सिलिंडरचा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणजे आपल्याकडे सिलिंडर असेल तर खालचे झरोके बुजवू नयेत, हे जाता जाता सांगून ठेवते. वॉशमध्ये भिंतीवर एक पंखा लावला, तोंड बाहेरच्या बाजूला. चाळीस वॉटचा पंखा पंचवीस तास चालतो तेव्हा कुठे एक युनिट होते. गिझर चालू असताना मात्र पंखा बंद ठेवायचा, ज्योतीला वारा लागू नये म्हणून. झडीच्या दिवसांत दोरी हॉलमध्ये, खिडक्या उघड्या ठेवून. पाहुणे आले की लंगोटांखालून वाकून जातात. त्याला इलाज नाही.

कपडे आता दुसऱ्या दिवशी सकाळी वाळतात. ऊन असल्यासारखे कडकडीत नाहीत, हे खरे. हीटर दुकानदाराने कुरकुरत परत घेतला, पण पैसे देईना. त्या बदल्यात विहीणबाईंनी चांगली जड इस्त्री आणि वर बाळाला खुळखुळा घेतला. लंगोटांतला उरलासुरला दमटपणा त्या रोज दुपारी इस्त्रीने घालवतात, एकेक घडी करत, आणि मला फोन करून किती झाले ते सांगतात. काल बावीस होते.