नोंद आढळली नाही

'आपल्या शोधाशी जुळणारी एकही नोंद आढळली नाही.' यापेक्षा उद्धट वाक्य मराठीत नसेल. 'चालते व्हा' म्हणणाऱ्याला निदान आपण दिसलेलो तरी असतो!

आता आमच्या कोपऱ्यावरचा वाणी बघा. त्याच्याकडे आंबेमोहोर मागितला आणि नसला, तर तो म्हणतो, "आंबेमोहोर संपला साहेब, इंद्रायणी आहे. देऊ?" एवढ्याशा वाक्यात गड्याने तीन कामं उरकली. काय अडलं ते सांगितलं, अट सैल केली आणि वर आपल्याला विचारलंही.

संगणकाचं सगळं सोवळ्यातलं. नाव, गाव, जन्मसाल अक्षरशः जुळलं तर दर्शन. एक हुकलं की दार बंद. कुठलं हुकलं ते विचारायची सोय नाही. एका कचेरीच्या यंत्रावर मी 'वडगाव' शोधलं. यंत्र म्हणालं, असं गावच नाही. गाव होतं हो जागच्या जागी! दप्तरात ते 'वडगांव' होतं, इतकंच. उच्चार न होणारे अनुस्वार शासनमान्य नियमांनी १९६२ साली काढून टाकले खरे, पण जुन्या दप्तरांतली टिंबं पुसायला कोण जाणार?

'हे तांत्रिकदृष्ट्या कठीण आहे' असं कुणी म्हणालं, तर त्याला १९१८ सालची गोष्ट सांगावी. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या गृहस्थांनी त्या साली नावं उच्चारावरून लावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तिचंच पुढे 'साउंडेक्स' झालं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. दीक्षितांनी आपलं आडनाव इंग्रजीत 'एक्स' घालून लिहावं की 'के-एस-एच' घालून, दोघांचा संकेतांक डी-२३०! घरोघरी संगणक यायच्या कितीतरी आधीची ही अक्कल.

यावर ठरलेला आक्षेप असा, की अटी सैल केल्या तर भलताच माणूस हाती लागेल. लागेल ना! म्हणून तर वाण्याचं ते 'देऊ?' विसरायचं नाही. आधी तंतोतंत शोधा. न सापडलं तर एकेक अट ढिली करा, कुठली ढिली केली ते सांगा, आणि 'हे तेच नाही, जवळचं आहे' असं ठळक लिहा. निवड माणसाला करू द्या. इंद्रायणी आंबेमोहोर म्हणून खपवली, तर आमचा वाणीही चोरच ठरेल.

हा सारा खटाटोप शब्दकोड्यासाठी चाललेला नाही. खिडकीपाशी पेन्शनचा कागद शोधायला आलेली एखादी आजी उभी असते. 'नोंद नाही' याचा अर्थ ती 'मीच नाही' असा घेते आणि पिशवी उचलून घरी जाते. यंत्राने फार तर 'मला सापडलं नाही' म्हणावं. एका टिंबापायी जित्याजागत्या माणसाला 'नाही' ठरवायचा अधिकार त्याला दिला कुणी?